लोकरीचा गुलाब गुंडाळलेल्या मोज्यासारखा का दिसतो?

लोकरवेडी

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, "छान झालंय गं" लिहायला येणार असाल तर येऊ नका. छान झालेलं नाहीये.

क्रोशे मला नवं नाही. शाली, टोप्या, बाळमोजे, टेबलावरचे रुमाल सगळं करून झालंय, तेही मालिका बघत बघत. गेल्या महिन्यात डोक्यात आलं की फुलदाणीत ठेवायला गुलाब करावेत, लांबून खरे वाटतील असे. अकरा केले. हौसेनं लावले. दीर आला, उभ्या उभ्या बघितलं आणि म्हणाला, "वहिनी, मोजे असे गुंडाळून इथे का ठेवलेत?"

चेष्टेत म्हणाला, पण मी परत बघितलं आणि मलाही मोजेच दिसायला लागले. आता दुसरं काही दिसतच नाही.

पद्धत नेहमीचीच. साखळ्यांची लांब पट्टी, तिच्यावर कमानी, कमानींत आधी लहान मग मोठ्या पाकळ्या, शेवटी पट्टी गुंडाळून खालून टाके. लोकर ॲक्रिलिक, जाड, चार पदरी. सुई ४ मिमीची. पाकळ्या फार ताठ वाटल्या म्हणून वाफेची इस्त्री फिरवली, तर त्या अशा लोळल्या की उचलून धरल्या तरी उभ्या राहीनात. पानांनीही माना टाकल्यात.

वीण घट्ट आहे, टाके एकसारखे आहेत. मग चुकतंय कुठे?

---

एकटाका

"टाके एकसारखे आहेत" इथेच एक गोची आहे, पण त्यावर नंतर येते.

आधी लोकर. चार पदरी लोकर आणि ४ मिमीची सुई म्हणजे एकेक खांब (क्रोशाचा उंच टाका) सेंटिमीटरभर उंच होत असणार. पाकळीची उंची किती? तीन-चार सेंटिमीटर. म्हणजे अख्खी पाकळी तीन-चार टाक्यांत संपली. बघणाऱ्याला आधी टाका दिसतो, पाकळी नंतर. शालीत टाका दिसला तर शोभा येते, फुलात दिसला की फूल गेलं.

सुती दोरा घ्या. २० नंबरचा मर्सराइज्ड दोरा आणि १.२५ मिमीची सुई. पहिले दोन दिवस डोळ्यांत पाणी येईल, मग हात बसेल. इतकं बारीक नको असेल तर पातळ सुती लोकर घ्या आणि वेष्टनावर जी सुई लिहिली असेल तिच्याहून एक मिलिमीटर लहान वापरा. वीण दाट होते आणि पाकळीला अंग येतं.

मर्सराइज्डच का, हे कोणीतरी विचारणारच. साध्या सुती दोऱ्याला पिंज येते आणि दिवा लावला की ती कडेनं चमकते. जॉन मर्सर नावाच्या इंग्रज माणसानं १८४४ च्या सुमारास सुताला कॉस्टिक सोड्यात बुडवून बघितलं. तंतू फुगून गोल झाला, रंग जास्त धरायला लागला. पुढे १८९० च्या आसपास हॉरेस लोवनं तेच सूत ताणून धरून केलं, तेव्हा त्याला ती रेशमी झाक आली. पाकळीवर हवी असते ती हीच झाक. लिली आणि ट्यूलिपला तर हवीच. गुलाबाच्या पाकळीला मात्र मखमलीपणा असतो, तिथे मी कमी चमकीचा दोरा घेते.

आणि ॲक्रिलिकला वाफ दिलीत की संपलं. तो धागा उष्णतेनं कायमचा मऊ पडतो. मागे फिरत नाही. ते अकरा गुलाब माफ करा आणि पुढे चला.

---

साखळी_मोडली

एकटाकाला +१. चार पदरी लोकरीची फुलं टोपीवर लावायला ठीक, फुलदाणीत नाही.

माझी एक फजिती सांगते, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. परदेशी आकृतीवरून ट्यूलिप करत होते. 'डबल क्रोशे' लिहिलं होतं, मी आपला खांब घातला. पाकळी संपता संपेना. झालं तेव्हा ट्यूलिप नव्हता, बाळाचं टोपडं होतं. नंतर कळलं की आकृती ब्रिटिश होती. ब्रिटिश 'डबल' म्हणजे अमेरिकन 'सिंगल', म्हणजे आपला मुका खांब, खांबाहून बुटका. आपला खांब तो अमेरिकन 'डबल' आणि ब्रिटिश 'ट्रेबल'. सुरू करण्याआधी आकृती कुठली ते बघा. कुठेही 'सिंगल क्रोशे' दिसलं तर ती अमेरिकन, कारण आजच्या ब्रिटिश पद्धतीत तो शब्दच नाही.

---

पानाआड

मी विणकामात कच्चा आहे, दोन वर्षंच झालीत. पण शिकलो वनस्पतिशास्त्र, म्हणून दुसऱ्या बाजूनं बोलतो.

लोकरवेडीताई, तुमचा गुलाब पाठीमागून कसा दिसतो? बहुतेकांच्या फुलांना पाठच नसते. वरून पाकळ्या, खाली टाक्यांचा गोळा, आणि त्यात खुपसलेली काडी. फुलदाणीतलं फूल मात्र आपण वरून फारसं बघत नाही, बाजूनं आणि थोडं खालून बघतो. तिथे देठ फुलाला जिथे मिळतो ती मान, तिच्यावरचा फुगीर भाग आणि त्याला धरून पाच हिरवी निदलं (कळीला झाकणारी पानं) असतात. हे नीट जमलं तर पाकळ्यांतल्या निम्म्या चुका खपतात.

गुलाबाच्या निदलांची एक गंमत आहे. जुन्या जंगली गुलाबाची पाच निदलं नीट बघा. दोघांना दोन्ही कडांना झालर असते, दोघांना अजिबात नसते, आणि पाचव्याला एकाच बाजूला असते. युरोपात यावर जुनं कोडंच आहे, पाच भावांचं: दोघांना दाढी, दोघांना नाही, एकाला अर्धीच. कारण साधं आहे. कळीत निदलं एकमेकांवर दडपून बसलेली असतात. जी कड उघडी राहते तिला झालर फुटते, जी दुसऱ्याखाली झाकली जाते ती साधी राहते. दोन निदलं पूर्ण बाहेर, दोन पूर्ण आत, एक अर्धं आत अर्धं बाहेर. बागेतल्या संकरित गुलाबांत हे इतकं स्पष्ट नसतं, पण मी विणताना पाळतो. झालर म्हणजे कडेला तीन-तीन साखळ्यांची दोन-तीन टोकं, बाकी काही नाही.

आणि एक काम करा. खरा गुलाब आणा आणि सोला. बाहेरून आत, एकेक पाकळी काढून कागदावर ओळीनं मांडा, नंबर घाला, फोटो काढा. आकृती ती.

---

आजीचा_चष्मा

पानाआड, सोलण्यावरून मेरी डिलेनी आठवली. अठराव्या शतकातली इंग्रज बाई. १७७२ साली, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, रंगीत कागदाचे बारीक तुकडे काळ्या कागदावर चिकटवून फुलं करायला बसली. खरं फूल समोर ठेवून, केसर मोजून. पुढच्या दहाएक वर्षांत जवळजवळ हजार फुलं केली, ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. डोळे अगदीच अधू झाले तेव्हा थांबली.

हे अवांतर झालं खरं. पण माझं वय विचारणाऱ्यांना मी हेच ऐकवते.

---

लोकरवेडी

सोलला!

एकूण ३१ निघाल्या. बाहेरच्या पाच-सहा रुंद, कडा मागे वळलेल्या, आणि एकीवर तपकिरी डाग, कुठेतरी घासलेली. मधल्या वाटीसारख्या. आतल्या लहान होत गेल्या, पण मला वाटलं होतं तशा नीटस नाही. एक दुमडलेली, एक मध्येच चिरलेली. सगळ्यात आतली तर अर्धी पाकळी आणि अर्धा केसर. एका कडेला गुलाबी पापुद्रा, दुसऱ्या कडेला पिवळी गाठ. हे काय आहे? रोग?

दुसरं म्हणजे, एकही पाकळी पूर्ण गुलाबी नाही. प्रत्येकीच्या बुडाशी पिवळट पांढरा अर्धचंद्र आहे. तीस वर्षं गुलाब बघतेय, हे आज दिसलं.

---

पानाआड

रोग नाही. दुहेरी फुलांतल्या जास्तीच्या पाकळ्या या मुळातले पुंकेसरच असतात, पाकळी झालेले. जंगली गुलाबाला पाचच पाकळ्या आणि ढीगभर केसर. माणसानं निवडत निवडत केसरांच्या पाकळ्या करून घेतल्या. तुम्हाला सापडला तो वाटेत अडकलेला केसर. तो विणा. तुमच्या दिराला कळणार नाही, पण फूल बदलेल.

---

उलटसुलट

आता माझा विषय: तार.

पाकळीला वळण द्यायचं आणि ते टिकवायचं तर कडेत तार हवी. यात नवं काही नाही. १८४५ नंतरच्या मोठ्या दुष्काळात आयर्लंडमध्ये कित्येक घरं क्रोशाच्या लेसवर तगली, आणि त्या लेसमधली फुलं-पानं एका जाड दोरीवरून विणलेली असायची. दोरी आत, टाके तिच्याभोवती, त्यामुळे कड उठून यायची. आपण दोरीच्या जागी तार घालतो, इतकंच. लोकरवेडी, तुमच्या त्या कमानीच्या पाकळ्याही त्याच घरच्या. आयरिश गुलाबात एका थरामागे दुसरा थर कमानी घालूनच चढवतात.

लिलीची पाकळी कशी करतो ते सांगतो, २० नंबरच्या दोऱ्यात. थोडी मोठी हवी असेल तर दोरा बदला, आकडे तेच ठेवा.

२० साखळ्या. सुईपासून दुसऱ्या साखळीत सुरुवात. ३ मुके खांब, ३ अर्धे खांब, ९ खांब, २ अर्धे खांब, २ मुके खांब. झाले १९, आलात टोकाशी. तिथे २ साखळ्या घाला आणि त्याच साखळीपट्टीच्या दुसऱ्या बाजूनं उलट क्रमानं परत या: २ मुके, २ अर्धे, ९ खांब, ३ अर्धे, ३ मुके. आता बुडाशी आहात. इथून २६ गेजची तार (०.४ मिमीच्या आसपास) कडेला धरायची आणि तिच्यावरून मुक्या खांबांची एक फेरी पूर्ण घालायची. टोकाच्या २ साखळ्यांच्या फटीत २ मुके, दोघांच्या मध्ये १ साखळी, म्हणजे टोक अणकुचीदार राहतं. तारेची दोन्ही टोकं बुडाशी दोन-तीन इंच मोकळी सोडा.

अशा तीन. उरलेल्या तीन अरुंद: ९ खांबांच्या जागी ९ अर्धे खांब. लिलीच्या सहा पाकळ्या एकाच मापाच्या नसतात. बाहेरच्या तीन अरुंद, आतल्या तीन रुंद. सगळ्या सारख्या केल्यात की फूल पंख्याच्या पात्यांसारखं दिसतं.

पुंकेसर सहा. २८ गेजच्या तारेवर हिरवट दोरा गुंडाळायचा, टोकाला परागकोश आडवा लावायचा, इंग्रजी टी अक्षरासारखा, मधोमध टेकलेला. हा आडवेपणा विसरू नका. मी पहिल्यांदा उभे लावले होते, आगकाड्या दिसल्या.

तारेचा आणि दोऱ्याचा नंबर वाढला की जाडी कमी होते, हे नव्या लोकांसाठी. देठाला १८ गेज घ्या.

आता माझी चूक. पहिली पांढरी लिली पूर्ण झाली, पाकळ्या अजून ताठ हव्यात म्हणून पांढरा गोंद पाण्यात निम्मा-निम्मा करून लावला. सकाळी बघतो तर सहाही पाकळ्यांच्या कडांना नारिंगी रेघ. तार लोखंडी होती, उघडी. गोंदातल्या पाण्यानं रात्रभरात गंज धरला आणि तो दोऱ्यात उतरला. लिलीवर आधीच नारिंगी परागकण असतात, त्यामुळे घरच्यांना वाटलं मी मुद्दाम केलंय. मी नाही म्हटलं नाही.

तेव्हापासून पाणी लागणार असेल तिथे कागदात गुंडाळलेली तारही घेत नाही. तांब्याची किंवा प्लास्टिकचं आवरण असलेलीच.

---

आजीचा_चष्मा

उलटसुलट, लिली झकास. पण माझा तारेला विरोध आहे आणि तो जुना आहे.

घरात लहान मुलं असतात. तारेचं टोक कितीही गुंडाळा, वर्षभरानं दोऱ्यातून बाहेर येतं. दुसरं म्हणजे तारेची पाकळी कायम सावधानमध्ये उभी. खरी पाकळी थोडी ढिली असते. तुर्की बायका रुमालांच्या कडेला ओया नावाची जी लेस करतात, त्यात चिमुकली फुलं उभी राहावीत म्हणून कडेला घोड्याचा केस घालायची पद्धत होती. केस वाकतो आणि परत येतो. तार वाकली की वाकलेलीच राहते.

मी खळ वापरते. मक्याच्या पिठाची पातळ खळ, पाकळी भिजवून पिळायची, मग उलट्या वाटीवर किंवा फुग्यावर वाळत घालायची. वाटीवर वाळली तर वाटीसारखी होते, पेन्सिलीवर कड गुंडाळून वाळवली तर कड मागे वळते. गंज नाही, टोचणं नाही, आणि धुतलं की पुन्हा मऊ.

पूर्वी साखरेचा पाक लावायचे. तो काचेसारखा कडक होतो. माझ्या आत्यानं त्यात बुडवून टोपलीभर फुलं केली होती. तिसऱ्या दिवशी मुंग्यांनी फुलांवर इतकी रांग लावली की खऱ्या फुलांना आला नसेल इतका मान त्यांना आला. साखर नको.

---

उलटसुलट

आजी, केसाचा मुद्दा मान्य. मासेमारीची नायलॉनची दोरी घालून बघतो, तीही वाकून परत येते.

पण खळ दमट हवेत टिकत नाही. पावसाळी दिवसांत माझ्या खळीच्या ट्यूलिपांनी एका रात्रीत मान टाकली होती. शिवाय लिलीची पाकळी बाहेर उलटून खाली येते, तिला तिच्याच वजनाविरुद्ध धरून ठेवायचं असतं. तिथे तार.

---

आजीचा_चष्मा

ट्यूलिपांनी मान टाकली तर ते खरेच झाले की. कापलेले ट्यूलिप फुलदाणीत मान टाकतातच.

---

साखळी_मोडली

😀 आजी १, उलटसुलट ०.

झालरीच्या पाकळ्यांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून मी लिहिते. कार्नेशन. याला तारही नको आणि खळही नको, नुसतं गणित पुरतं.

सपाट गोल करायचा असेल तर खांबांच्या फेऱ्या १२, २४, ३६, ४८ अशा जातात, दर फेरीला १२ वाढतात. कार्नेशनला प्रत्येक टाक्यात दोन घाला. १२, २४, ४८, ९६. चौथ्या फेरीत ४८ च्या जागेत ९६ खांब आले, आता त्यांना सपाट बसायला जागाच नाही. मग ते वरखाली लाटा मारतात. खऱ्या पाकळीत हेच होतं, कड आतल्या भागापेक्षा जास्त वाढते आणि चुण्या पडतात.

कॉर्नेल विद्यापीठात शिकवणाऱ्या डायना टायमिना या गणितज्ञ बाईंनी १९९७ साली नेमकं हेच क्रोशानं केलं, तेही भूमितीसाठी. हायपरबोलिक प्रतल, म्हणजे सपाट न राहता अशाच लाटा मारत पसरणारा पृष्ठभाग, कसा असतो ते विद्यार्थ्यांना हातात धरून दाखवायचं होतं. कागदाची मॉडेलं फाटायची, म्हणून त्यांनी सुई उचलली. मला गणित शाळेत कधी कळलं नाही, पण हे वाचल्यावर माझा हावरटपणा कळला: मी एका फुलात प्रत्येक टाक्यात तीन-तीन घातले होते. कार्नेशन झालं नाही. मेंदू झाला. अजून कपाटात आहे, गुलाबी.

शेवटच्या फेरीत अधूनमधून ३ साखळ्यांचं टोक काढा, कड कातरल्यासारखी दिसते. आणि खाली लांबट नळीसारखं हिरवं निदल विणायला विसरू नका. कार्नेशनची ओळख त्या नळीत आहे.

---

एकटाका

आता रंग, आणि ते "एकसारखे टाके".

लोकरवेडीला दिसलेला पिवळट अर्धचंद्र लाखमोलाचा आहे. बाजारातला कुठलाही गुलाबी दोरा एकाच गुलाबीत रंगवलेला असतो, आणि कुठलंही फूल एकाच गुलाबीत नसतं. मी तीन गोष्टी करते.

पहिली, दोऱ्याचे पदर सोडवते. सहा पदरी भरतकामाचा दोरा असेल तर सोपं पडतं. बुडाशी तीन पदर फिके पिवळे आणि तीन फिके गुलाबी एकत्र धरून विणते. थोडं वर गेले की एक पिवळा सोडून एक गुलाबी घेते. मग अजून एक. असं करत टोकाशी सहाही गुलाबी, त्यात एक गडद. रंग बदललेला दिसतच नाही, नुसता सरकतो. वेळखाऊ आहे, हो. एका पाकळीला पाऊण तास.

दुसरी, पाकळीची उलट बाजू. क्रोशाला सुलट-उलट असतेच. सुलटीवर टाक्यांचे व्ही दिसतात, उलटीवर गाठीगाठी. बाहेर मागे वळणाऱ्या पाकळ्यांची कुठली बाजू दिसणार ते आधी ठरवा. मी फक्त मागच्या दोऱ्यातून टाके घालून ओळी करते, त्या उभ्या रेघा शिरांसारख्या दिसतात.

तिसरी, कोरडे खडू. पेस्टल खडू किसून, मऊ ब्रशनं, फक्त कडेला आणि बुडाशी. नुसता स्पर्श. पानांनाही. पानं सगळ्यात वाईट असतात सगळ्यांची, पोपटी! इतकं पोपटी पान मी झाडावर बघितलं नाही. हिरव्यात एक पदर तपकिरी किंवा करडा मिसळा. देठ आणि पान एकाच हिरव्यात करू नका. आणि गुलाबाचं पान म्हणजे एक पान नसतं, एका देठावर पाच किंवा सात पर्णिका असतात, टोकाची सगळ्यात मोठी. एकेकटं पान देठाला चिकटवलंत तर ते गुलाबाचं उरत नाही.

आणि टाके. हात बसला की प्रत्येक पाकळी मापात निघते, तिथे फसायला होतं. मी मुद्दाम एका पाकळीत एका बाजूला दोन खांबांच्या जागी अर्धे खांब घालते. पाकळी तिरकी होते. पाचांतल्या दोघींना तरी असं करा.

---

आजीचा_चष्मा

खडू लावणं म्हणजे मला जरा लबाडी वाटते. विणकाम म्हणजे दोऱ्यातच सगळं आलं पाहिजे.

---

एकटाका

आजी, खळ दोऱ्यात येते का?

---

आजीचा_चष्मा

बरं.

---

नुसतं_वाचते

तीन वर्षं नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदा लिहिते. हे सगळं वाचून धडकी भरली. मला साखळी, मुका खांब, खांब एवढंच येतं. माझ्यासारखीनं कुठल्या फुलानं सुरुवात करावी? डेझी?

---

पानाआड

डेझी नको. सोपी वाटते, पण मधली पिवळी चकती म्हणजे शेकडो बारीक फुलं असतात, ती साधी गोल चकती केली की बटण दिसतं.

चाफा करा. पांढरा, पाच पाकळ्यांचा. केसर बाहेर दिसतच नाहीत, त्यामुळे मधला सगळा त्रास वाचतो. एकच गोष्ट नीट जमवायची: प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर आणि दुसरी कड दुसऱ्या शेजारणीच्या खाली. पाचही जणी एकाच दिशेनं, भिंगरीसारख्या. एकजण जरी दोन्हीकडे वर राहिली तरी चाफा जातो.

१२ साखळ्या. सुईपासून दुसऱ्या साखळीपासून २ मुके खांब, २ अर्धे खांब, ६ खांब, शेवटच्या साखळीत ५ खांब, म्हणजे टोक गोल होतं. मग दुसऱ्या बाजूनं परत: ६ अर्धे खांब (खांब नव्हे!), २ अर्धे, २ मुके. एक बाजू रुंद, एक अरुंद. ही अरुंद कड शेजारणीखाली जाते आणि पाकळीला आपोआप पीळ बसतो. अर्धा खांब येत नसेल तर सुईवर दोरा घेऊन टाक्यातून काढायचा, आणि सुईवरचे तिन्ही फास एकदम गाळायचे, एवढंच.

पिवळा रंग विणू नका. पाकळ्या झाल्यावर बारीक सुईत पिवळ्या दोऱ्याचा एकच पदर ओवून गळ्यापासून वर आखूड-लांब टाके घाला. ते एका रेषेत संपवू नका.

---

उलटसुलट

आणि यात तार नाही. आजी, बघा.

---

लोकरवेडी

तीन आठवड्यांनी येते आहे. २० नंबरचा दोरा, १.२५ ची सुई, आणि होय, डोळ्यांत पाणी आलं.

गुलाब एक झाला. एकच. ३१ पाकळ्या नाही जमल्या, १९ वर थांबले. आतला तो अर्धा केसर विणला आहे. निदलं पाच, दाढीच्या हिशेबानं. बाहेरच्या पाकळीवर तपकिरी खडूचा एक डाग दिला, घासल्यासारखा. देठ आधी २२ गेजचा केला होता, फूल वाकून टेबलाला टेकलं. मग १८ गेजच्या दोन तारा एकत्र पिळल्या. फ्लोरल टेप (देठाला गुंडाळायची पट्टी) चिकटेना म्हणून अख्खा एक गुंडा वाया घालवला. मग कुठेतरी वाचलं की तो ताणल्याशिवाय चिकटतच नाही, ताणला की त्यातलं मेण सुटतं. हे इथे कोणी का सांगितलं नाही?

दिराला दाखवला नाही अजून. धूळ बसली तर काय करता तुम्ही?

---

उलटसुलट

टेपचं राहिलंच, माफी.

धुळीसाठी केस वाळवायचं यंत्र, थंड हवेवर, लांबून. खडू लावला असेल तर पाणी लावू नका. आणि खिडकीच्या उन्हात ठेवू नका, लाल-गुलाबी आधी उडतात.

---

नुसतं_वाचते

पानाआड, चार पाकळ्या नीट बसल्या. पाचवी पहिलीच्या खाली जात नाहीये. पहिलीची दोन्ही टोकं मी आधीच शिवून टाकलीत.

---

पानाआड

उसवा. पहिली पाकळी शेवटपर्यंत शिवायची नाही, नुसती टाचणीनं अडकवायची. पाचवी तिच्याखाली सरकवली की मगच दोघींना एकत्र टाका.

---

नुसतं_वाचते

गेली.